प्रकल्प तीन वर्षांचा, कालवड विते पाचव्या वर्षी. पुढच्या नोंदी कोणी ठेवायच्या?

गवळाऊवाला, कारंजा (घाडगे)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात आमच्याकडं गवळाऊ या देशी जातीच्या नऊ गाई आहेत, एक बैलजोडी आहे, बाकी कपाशी आणि तूर. वडिलांनी जर्सी दावणीला येऊ दिली नाही, मीही नाही.

2019 मध्ये एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे लोक गावात आले. नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली होती. गवळाऊच्या दूधवाढीवर तीन वर्षांचा प्रकल्प होता. मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, जांभळ्या बुचाच्या नळीवर गाईच्या कानातल्या टॅगचे शेवटचे चार आकडे लिहून बर्फाच्या डब्यात ठेवलं. छातीचा घेर मोजला. पीएच.डी. करणारी एक ताई दर महिन्याला पहाटे पाचला कोठ्यात हजर असायची, दोन्ही वेळचं दूध तोलून लिहायची. आमची चांदी साडेचार लिटरवर होती. तिला निवडक वळूच्या रेताची कांडी भरली, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, आणि 2020 च्या पोळ्याला कालवड झाली. लॉकडाऊनमध्ये सहा महिने कोणी येऊ शकलं नाही, ते समजून घेतलं.

मार्च 2022 मध्ये प्रकल्प संपला. ताई निरोप घ्यायला आली होती. कालवड तेव्हा दीड वर्षाची. ती व्याली नोव्हेंबर 2024 मध्ये. ज्या दुधासाठी एवढं सगळं केलं ते आत्ता कोठ्यात येऊन राहिलं, आणि तोलायला कोणी नाही! फोन केला तर म्हणाले, निधी संपला, पोरं दुसरीकडं लागली.

माझे प्रश्न दोन. आमच्या गाईंची माहिती गेली कुठं? आणि गाईची एक पिढी पुरी व्हायच्या आत पैसा थांबतो, तर असा प्रकल्प मंजूर तरी कसा होतो?

निवृत्त प्राध्यापिका, पशुप्रजनन

दादा, तुमचा दुसरा प्रश्न मी नोकरीभर विचारला आहे. महाविद्यालयाला शासनाकडून जे अनुदान येतं, त्यातलं बहुतेक पगारात जातं. संशोधनाचा पैसा बाहेरून आणावा लागतो: आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद), जैवतंत्रज्ञान विभाग, राष्ट्रीय कृषी विकास योजना, मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग. यातले बरेच प्रकल्प दोन-तीन वर्षांचे. पैसा हप्त्यानं येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. उशीर झाला की गाडीचं भाडं थांबतं आणि त्या महिन्याच्या नोंदी बुडतात. बुडालेला महिना परत आणता येत नाही. यंत्राचा पैसा वेगळ्या शीर्षात, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यात असतो, त्यातून डिझेल भरता येत नाही. कंत्राटी मुलं प्रकल्पासोबत येतात, प्रकल्पासोबतच जातात.

लस, गोचीड, जंत असे विषय तीन वर्षांत बसतात. पैदाशीचा बसत नाही. कांडी भरल्यापासून नऊ महिने, पुढं गवळाऊ कालवड पहिल्यांदा व्यायला चार वर्षांच्या आसपास, त्यावर एक वेत, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंतचं दूध. हिशेब सहा वर्षांच्या घरात जातो. आयसीएआरचे अखिल भारतीय समन्वित प्रकल्प वर्षानुवर्षं चालतात, असल्या कामाला तीच चौकट लागते.

आता पहिला प्रश्न. अंतिम अहवाल निधी देणाऱ्याकडं जातो. गावात येऊन तो वाचून दाखवायला कोणत्याच शीर्षात पैसा नसतो, ही आमची मोठी चूक आहे आणि ती मला मान्य आहे. पण त्या मुलीचा प्रबंध असेलच. आयसीएआरच्या ‘कृषिकोश’ संकेतस्थळावर असे प्रबंध असतात. ‘गवळाऊ’ इंग्रजीत टाकून शोधा. आणि कालवडीच्या बापाचा नंबर जपून ठेवा, तो कांडीवर छापलेला असतो. वळू लेकींच्या दुधावरून पारखतात; नंबर हरवला तर तिचं दूध कितीही लिहा, वळू पारखायला उपयोग नाही.

पूर्णाथडी म्हैस, दर्यापूर

भाऊ, आमच्या म्हशीची गोष्ट सांगतो. भुरकट रंगाची, पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात टिकणारी. पिढ्यानपिढ्या घरात होती, पण कागदावर तिला गावठी म्हणायचे. असंच टेप लावून, दूध तोलून माहिती गोळा झाली, तेव्हा कुठं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. 2023 मध्ये प्रमाणपत्र मिळालं, गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कठाणी गाईलाही त्याच खेपेला. म्हणून रक्त द्यायला नाही म्हणू नका. पण एकट्यानं मागणी करू नका. चार गावचे गवळाऊवाले मिळून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. त्यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीत शेतकरीही असतात. तिथं विषय लेखी द्या.

गवळाऊवाला, कारंजा (घाडगे)

मॅडम, प्रबंध सापडला! भाच्यानं मोबाइलवर काढून दिला. सगळा इंग्रजीत आहे, पण शेवटच्या तक्त्यात टॅगचे आकडे ओळखता आले. चांदी चौथ्या ओळीत. महिन्यागणिक दूध, फेब्रुवारी 2022 पर्यंत. लॉकडाऊनच्या महिन्यांत नुसती रेघ. आभाराच्या पानावर आमच्या गावाचं नाव आहे, ते भाच्यानं वाचलं तेव्हा आई पदरानं डोळे पुसत होती.

कालवडीचं दूध मी व्याल्यापासून शाळेच्या वहीत लिहीत आलो. वजनकाटा नव्हता, मापानं मोजलं. सुरुवातीला तीन लिटर, दुसऱ्या महिन्यात साडेपाच. ढेप (पेंड) किती दिली तेही लिहिलं आहे. वळूचा नंबर वडिलांच्या डायरीत मिळाला, फक्त शेवटचा आकडा पुसट आहे, एक आहे की सात ते कळत नाही. ज्यांनी कांडी भरली त्या डॉक्टरांचं रजिस्टर सोमवारी बघायला जाणार आहे. वहीच्या पानांचे फोटो तुम्हाला पाठवले तर चालेल का? आणि दर्यापूरच्या भाऊ, सेलसुऱ्याला द्यायच्या अर्जावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्या. आष्टीकडचे तिघं कापूस वेचणी उरकली की येतो म्हणाले.