रात्री ख्याल ऐकायला हेडफोन कोणता घ्यावा?

मारवा_नाशिक:
नमस्कार मंडळी. रात्री घरातली कामं उरकली की तासभर ख्याल ऐकायचा, हे माझं रोजचं ठरलेलं. सध्या ब्लूटूथ बड्स वापरते. त्यात डग्गा इतका दणदणतो की बंदिशीचे शब्द त्याखाली दबतात, आणि तंबोरा असून नसल्यासारखा. शिवाय बड्स टोचतात, बडा ख्याल संपेपर्यंत कान ठणकायला लागतो. आता कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यायचाय. बजेट बारा हजार. फोनला गोल जॅक नाही. चष्मा आहे. हॉलमध्ये एकटीच बसते, डोक्यावर पंखा असतो. ओपन, क्लोज्ड, ओहम वगैरे वाचून डोकं भंजाळलंय. तुम्ही काय घ्याल आणि का, ते सांगाल का?

पश्चिम_रेल्वे:
सरळ नॉइज कॅन्सलिंगवाला वायरलेस घ्या. मी विरार लोकलमध्ये तेच वापरतो, पंख्याचाही प्रश्न मिटेल. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये इक्वलायझर असतो, त्यात बेस खाली ओढला की डग्गा आटोक्यात येतो. फोन अँड्रॉइड असेल तर एलडॅक असलेला बघा. ब्लूटूथवरून गाणं पाठवायची ती एक पद्धत, सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत (केबीपीएस) जाते. एसबीसी ही साधी पद्धत साधारण 328 ला थांबते. आयफोनवर एलडॅक चालत नाही, तिथे एएसी या दुसऱ्या पद्धतीवर भागवावं लागतं.

खर्ज:
ताई, लोकलमध्ये ऐकायचं असतं तर मीही पश्चिम_रेल्वे यांचंच म्हणणं उचलून धरलं असतं. पण तुम्ही घरात, एका जागी बसून ऐकता. वायरचा घ्या, आणि ओपन बॅक घ्या. बॅटरी, माइक, ब्लूटूथ यांचे पैसे त्यात नसतात, त्यामुळे तेवढ्याच किमतीत आवाज उजवा मिळतो.

मी पुण्यात गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसायचो. म्हणून हेडफोन हातात आला की आधी तंबोराच ऐकतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झला, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. पण जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिळणारी झणकार, नीट लागलेली असेल तर त्या एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो तिथलाच. बेस फुगवलेल्या हेडफोनवर खर्ज नुसता घुमत राहतो आणि हे वरचं सगळं झाकलं जातं. ट्रेबल चढवलेला असेल तर जवारी पत्र्यासारखी करकरते, गायकाचा ‘स’ कानाला टोचतो. आवाज न वाढवता चारही तारा सुट्या ऐकू आल्या, तर हेडफोन चांगला.

डग्ग्याचंही तसंच. तबलजी मनगट दाबून पुढे सरकवतो तेव्हा डग्ग्याचा सूर वर चढत जातो. तो चढ ऐकू यायला हवा. बाजारात ‘एक्स्ट्रा बेस’ म्हणून जे मिळतं त्यावर नुसता एकच धम्म येतो, आणि तोच गायकाच्या गळ्यावर बसतो. इक्वलायझरने धम्म कमी होईल, पण हरवलेला चढ परत येईलच असं नाही.

ओपन बॅकमध्ये मागची बाजू जाळीची असते. गाणं डोक्यात कोंडून राहत नाही, जरा मोकळ्यावर आल्यासारखं वाटतं, आणि उन्हाळ्यात कानही कमी घामेजतात. चष्म्यालाही हेच सोयीचं. क्लोज्डमध्ये, म्हणजे मागून बंद असलेल्यात, चष्म्याच्या काडीने गादीपाशी फट राहते, तिथून बेस निसटतो. ओपनमध्ये तो फरक सहसा कमी पडतो. उणी बाजू एवढीच की बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. हॉलमध्ये एकट्याच असता, तेव्हा चालेल.

सेनहायझर एचडी 599 (50 ओहम) किंवा फिलिप्स एसएचपी 9500 (32 ओहम) त्या दिवशी बजेटात बसतो का बघा. दोन्ही ओपन, दोन्हींची वायर सुटी होते. ओहम म्हणजे हेडफोनचा विद्युतरोध, तो जास्त असला की वाजवायला सहसा जास्त जोर लागतो. फोनसाठी टाइप-सीचा डोंगल (गोल जॅक देणारा छोटा जोड) लागेल, डॅक असलेला, म्हणजे डिजिटल गाणं हेडफोनला चालेल अशा रूपात आणणारी चिप असलेला. ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हळू वाजतो, तेवढं तपासून घ्या. एचडी 600 चं नाव जागोजागी वाचाल. 1997 पासूनचं मॉडेल, गळ्यासाठी मला आजही तोच सगळ्यात आवडतो. पण तो 300 ओहमचा, साध्या डोंगलवर अंगात येत नाही. वेगळा ॲम्प (हेडफोनला जोर देणारं यंत्र) घेणार असाल तरच त्या वाटेला जा.

कर्णफुले:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून पंख्याबद्दल लिहिते. मागे आवाज असला की आपण नकळत व्हॉल्यूम वाढवतो, आणि ओपन बॅकमध्ये ते जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा हिशोब आठवड्याला 80 डेसिबलला 40 तास असा आहे. 90 ला तोच वेळ 4 तासांवर येतो. तुमचं रोज तासभर ऐकणं 80 ला काहीच नाही, 90 ला मात्र मर्यादेबाहेर जातं. पंखा बंद करून आवाज ठरवा, मग पंखा लावला तरी बटणाला हात लावू नका. आयफोन असेल तर हेडफोनची डेसिबल पातळी त्यातच दिसते.

मारवा_नाशिक:
सगळ्यांचे आभार. खर्जकाका, तंबोऱ्याचं वाचून लगेच बड्सवर ऐकून पाहिलं. खर्ज तेवढा घुमतोय, बाकी तारा कळतच नाहीत. ओपनच घेते. अजून एक विचारते: बाबांनी जमवलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका फोनवर घेतल्यात. चांगल्या हेडफोनवर त्यातली खरखर जास्तच छळेल का?

खर्ज:
जास्त ऐकू येईल, पण छळणार नाही. खरखर एका जागी राहते आणि गळा तिच्यापासून सुटा होतो, पाच मिनिटांत कान तिकडे दुर्लक्ष करायला लागतात. खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं सगळं मोनो, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. आवाज डाव्या-उजव्यात पसरणार नाही, कपाळाच्या मधोमध उभा राहील. हेडफोनचा दोष समजू नका. फारच टोचलं तर ट्रेबल थोडा उतरवा, बेस मात्र चढवू नका. त्या मुद्रणात खाली फारसं काही नाही, तबकडीची घरघरच वर येईल.

परत करायची सोय असेल तिथूनच घ्या, आणि घरी आल्यावर द्रुत लावू नका. तुमच्या ओळखीच्या गळ्याचा विलंबित लावा, सलग अर्धा तास, चष्मा घालून. त्यात कानशिलं दुखली तर आवाज कितीही आवडला तरी परत करा.