वणवा पथकासाठी सरकारी निधी: प्रस्तावात काय मागावे?

जाळरेषा
वणवा विझवणाऱ्या २० जणांच्या हंगामी पथकासाठी सरकारी साहाय्याचा प्रस्ताव करायचा आहे. प्रशिक्षण, शेजारच्या पथकांशी समन्वय आणि आरोग्य अशी तीन शीर्षके आहेत. मसुद्यात बहुतेक रक्कम ब्लोअर (हवेच्या झोताने पालापाचोळा उडवणारे यंत्र), पाठीवरचे पंप आणि वॉकी-टॉकी यांवर धरली आहे. आरोग्याखाली एन-९५ मास्क आणि प्रथमोपचार पेटी. काय सुटले आहे?

वाऱ्याची_दिशा
प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी सुटली आहे. दिवसाची मजुरी बुडत असेल तर हंगामी माणूस येत नाही, आणि हजेरीपटावर नावे असूनही वर्ग रिकामा राहतो. ती रक्कम पहिल्या ओळीत लिहा.

ब्लोअरसोबत एअर फिल्टर आणि स्पार्क प्लगचे जादा संच मागा. राखेने फिल्टर तुंबला की इंजिनाचा जोर कमी होतो, तोही नेमका आगीच्या तोंडाशी.

क्षमता चाचणी हवी असेल तर अमेरिकेतली प्रचलित चाचणी घ्या: पाठीवर २०.४ किलो वजन, सपाटीवर ४.८३ किमी अंतर, ४५ मिनिटे. पळायचे नाही, चालायचे. पण आधी डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे. या चाचणीतच हृदय बंद पडून माणसे दगावली आहेत.

तिसरी_कुमक
समन्वयाचा पैसा फक्त वॉकी-टॉकीत घालू नका. दोन पथकांकडे संच असतात, पण वारंवारिता वेगळी आणि हाकेचे शब्दही वेगळे. कुमक पोहोचते आणि कोणाचे ऐकायचे तेच कळत नाही. कॅलिफोर्नियात १९७० च्या वणव्यांत हेच झाले, आणि त्यातून घटना नियंत्रण पद्धत (इन्सिडेंट कमांड सिस्टीम, म्हणजे घटनास्थळी कोणी कोणाचे ऐकायचे याची ठरलेली रचना) उभी राहिली. एका प्रमुखाखाली ३ ते ७ माणसे, शक्यतो ५, आणि प्रत्येकाला वरिष्ठ एकच. शेजारच्या पथकासोबत हंगामाआधी एक संयुक्त सराव धरा. इंधन, जेवण आणि जखमी झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हे करारात आधीच लिहून घ्या. आग लागल्यावर त्यावर घोळ घालायला वेळ नसतो.

राख_आणि_श्वास
आरोग्याचे शीर्षक सर्वांत कच्चे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून, नोंदवले. त्यामुळे हंगामाआधी आणि हंगामानंतर फुफ्फुसांची क्षमता तपासणे (स्पायरोमेट्री) आणि प्रत्येकाची धुरातल्या तासांची नोंदवही, एवढे तरी मागाच. आधीची नोंद नसेल तर पुढे आजाराचा संबंध कामाशी जोडता येत नाही आणि भरपाई अडते.

धूर सर्वाधिक कुठे? ज्वाळांपाशीच नाही. आग आटोक्यात आल्यावर धुमसते बुंधे उकरताना माणसे तासन्‌तास वाकून त्यात असतात. तिथे आळीपाळीने माणसे बदला, म्हणजेच दोन माणसे जास्त धरा.

उष्णतेसाठी दर १५ ते २० मिनिटांनी एक कप पाणी, तासाला दीड लिटरहून कमीच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण वेळेच्या २० टक्केच उन्हात काम द्या आणि रोज २० टक्के वाढवा. लघवी चहासारखी गडद झाली तर स्नायूंच्या पेशी फुटत असण्याची शक्यता आहे. पाणी पाजून परत कामाला लावू नका, थेट दवाखान्यात न्या.

गणवेशाचे दोन संच द्या. आत सुती कपडेच घाला, नायलॉन वितळून कातडीला चिकटते. राखेने माखलेला संच घरच्या कपड्यांत धुवायचा नाही.

जाळरेषा
मग मास्क वगळायचे का?

राख_आणि_श्वास
नाही. राख झाडताना, धुळीच्या रस्त्यावर आणि तळावर ते उपयोगी आहेत. पण कार्बन मोनॉक्साइड वायू आहे, मास्कमधून सरळ आत जातो. डोके दुखू लागते, निर्णय मंदावतो, आणि ज्याला होतेय त्याला ते उमगत नाही. प्रत्येक तुकडीप्रमुखाच्या छातीवर गजर देणारा छोटा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मापक लावा. २० जणांत ४ पुरतील, आणि त्यांच्या सेन्सरची ठरावीक काळाने होणारी तपासणीही खर्चात दाखवा.