बाबांनी मेलमधली झिप फाइल उघडली, आता कॉम्प्युटरचं काय करायचं?

नदीकाठ
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. घरचा डेस्कटॉप सांगलीला आई-बाबांकडे आहे, मी पुण्यात असतो. काल संध्याकाळी बाबांना मेल आला, "आपला आयकर परतावा मंजूर झाला आहे, तपशील सोबत", आणि यंदा त्यांचा रिफंड खरोखरच यायचा राहिलाय, त्यामुळे त्यांनी उघडला. सोबत झिप होती, तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल. डबल क्लिक केल्यावर एक काळी विंडो येऊन लगेच गेली आणि पुढे काहीच उघडलं नाही, म्हणून बाबांनी अजून दोन-तीनदा क्लिक केलं, मग मला फोन. विकतचा अँटिव्हायरस होता पण तो दिवाळीतच संपलाय, रिन्यू करायचा राहून गेला. कॉम्प्युटर तसा नेहमीसारखाच चालतोय. आमचा रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारून टाकू, पण त्यात आईने जपलेले सगळे फोटो आहेत, बाबांच्या पेन्शनचे कागद स्कॅन केलेले आहेत. फॉरमॅट मारावाच लागेल का? बाबांनी रात्रभर झोप घेतली नाही, सारखं म्हणतायत माझ्यामुळे झालं.

खटपट्या
दादा, आधी बाबांना फोन करून नेटची वायर काढायला सांगा, वायफाय असेल तर राउटरच बंद करा, बाकी नंतर वाचा.

केलं? आता ऐका. "नेहमीसारखाच चालतोय" यावर अजिबात जाऊ नका. पूर्वीचे व्हायरस कॉम्प्युटर बंद पाडायचे, आताचे बरेचसे गुपचूप क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून पाठवून देतात, काम दोन-चार मिनिटांचं असतं. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे याची खूण, ती चोराकडे गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, तो थेट तुमच्या मेलमध्ये बसतो. म्हणून बाबांच्या मोबाइलवरून (त्या कॉम्प्युटरवरून नाही! तिथे टाकलेला नवा पासवर्डसुद्धा जाईल) गूगल अकाउंटचा पासवर्ड बदला, मग सिक्युरिटीमध्ये "युअर डिव्हाइसेस" आहे तिथून बाकी सगळीकडून साइन आउट करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एकदा खात्री करून घेणारं) चालू करा. मग बँकेचा पासवर्ड. त्यानंतर पुण्यात तुमच्या लॅपटॉपवर बाबांचं जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये फिल्टर्स आणि फॉरवर्डिंग बघा, तुम्ही न केलेलं काही आहे का. लोक हे बघायला विसरतात. चोर एखादं फिल्टर टाकून ठेवतो आणि बँकेचे मेल परस्पर ट्रॅशमध्ये जातात. पैसे गेल्याचं दिसलं तर एक मिनिट न थांबता १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन.

अँटिव्हायरस संपला म्हणून कॉम्प्युटर अगदीच उघडा नव्हता, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर अशा वेळी बहुतेक आपोआप चालू होतो, पण एकदा बघून घ्या. त्यातच "ऑफलाइन स्कॅन" आहे, कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी साधारण १५ मिनिटं तपासणी करतो. तो करा.

जुना डबा
वरचं सगळं बरोबर, फक्त स्कॅन स्वच्छ आला म्हणून तिथे थांबू नका असं माझं ठाम मत. फाइल चालली आहे, एकदा नाही तीन-चारदा. स्कॅनला सापडलं नाही म्हणजे काही नाही असं होत नाही. फोटो आणि पीडीएफ तेवढे बाहेर काढा, डाउनलोडमधलं काही घेऊ नका, मग सेटिंग्जमधून रिसेट करा, "रिमूव्ह एव्हरीथिंग" (सगळं पुसा) आणि "क्लाउड डाउनलोड" (विंडोज नेटवरून नव्याने उतरवा) निवडून. हे घरीच होतं.

आणि बाबांना माझा निरोप द्या की चूक त्यांची नाही. ही फसवणूक फार जुनी आहे. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून "आय लव्ह यू" नावाचा मेल सुटला होता, आठवत असेल काही जणांना. त्यातल्या फाइलचं नाव होतं लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या डॉटनंतरचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) लपवतं, त्यामुळे लोकांना फक्त टीएक्सटी दिसलं, साधा मजकूर समजून उघडला, आणि तो अ‍ॅड्रेस बुकातल्या प्रत्येकाला पुढे गेला. ब्रिटिश पार्लमेंटला मेल सिस्टिम बंद ठेवायला लागली त्या दिवशी. आज २५ वर्षांनंतरही विंडोज एक्स्टेन्शन लपवूनच येतं, आणि पीडीएफचं चित्र तर कुठल्याही प्रोग्रामला लावता येतं! मग साध्या माणसाने ओळखायचं कसं? त्यामुळे कॉम्प्युटर नवा केल्यावर पहिलं काम, फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, त्यात शो, त्यात "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर टिक. शेवटी ईएक्सई, जेएस, व्हीबीएस असं काही दिसलं तर हात लावायचा नाही.

झिपचा पासवर्ड मेलमध्ये का देतात माहितीय? कुलूप असलेल्या झिपच्या आत मेल कंपनीच्या स्कॅनरला बघता येत नाही. किल्ली सोबतच दिलीय म्हटल्यावर ते कुलूप तुमच्यासाठी नव्हतंच. (बँकेच्या स्टेटमेंटला पासवर्ड असतो, पण तो तुमची जन्मतारीख वगैरे असा आपल्यालाच माहीत असलेला, मेलमध्ये लिहिलेला नसतो.)

शेवंती
मी टेक्निकल नाही, पण फोटोंचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी "कुरिअर परत गेलं" असा मेल उघडला गेला आणि सकाळी सगळ्या फाइल्सच्या नावापुढे वेगळंच काहीतरी लागलेलं, एकही उघडेना, आणि पैशाची मागणी. बॅकअप होता हो, पण ती हार्डडिस्क कायम कॉम्प्युटरलाच लावलेली असायची, तीही त्यातच गेली. सासूबाई तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या, त्यांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते. नो मोअर रॅन्सम म्हणून युरोपोल (युरोपातली पोलिस संस्था) वगैरेंची साइट आहे, काही प्रकारांची चावी तिथे फुकट मिळते, आमच्या प्रकारची नव्हती. ती डिस्क अजून कपाटात ठेवलीय, कधी चावी निघाली तर. पैसे दिले नाहीत.

दादा, फोटो दोन ठिकाणी ठेवा आणि हार्डडिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आता लावतो आणि लगेच काढतो.

नदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच्या गाडीने सांगलीला आलोय. ऑफलाइन स्कॅनमध्ये दोन गोष्टी सापडल्या. आणि खटपट्या, तुम्ही सांगितलेलं फिल्टर खरंच होतं! बँकेच्या नावाचा कुठलाही मेल थेट ट्रॅशमध्ये. बघून अंगावर काटा आला. काढलं, सगळीकडून साइन आउट केलं, बँकेत फोन करून नेट बँकिंग बंद करून घेतलं, पैसे सगळे आहेत.

एक विचारायचं राहिलं, कॉम्प्युटर विंडोज १० आहे, रिसेट करून तेच ठेवलं तर चालेल का?

खटपट्या
वा, वेळेत झालं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जास्तीचे सिक्युरिटी अपडेट मिळण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मशीनला ११ चालत असेल तर ११ च टाका. आणि बाबांसाठी रोजच्या वापराला स्टँडर्ड अकाउंट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. काही इन्स्टॉल व्हायला लागलं की तो पासवर्ड मागेल आणि ते तुम्हाला फोन करतील. याने सगळंच अडत नाही, पासवर्ड चोरणारा प्रोग्राम स्टँडर्ड अकाउंटमध्येही चालतो, म्हणून क्रोममधले सेव्ह केलेले पासवर्ड पुसून टाका आणि बँकेचा तर तिथे परत कधीच ठेवू नका.

रिफंडचं मेलवर बघूच नका. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन असं हाताने टाइप करून लॉगिन केलं की तिथे स्टेटस दिसतं.

नदीकाठ
११ चालतंय. फोटो नव्या हार्डडिस्कवर कॉपी होतायत, आई शेजारी बसून एकेक फोल्डर बघतेय. पोर्टलवर बाबांना स्वतःलाच लॉगिन करायला लावलं, रिफंड अजून प्रोसेसमध्येच आहे.

जुना डबा
बाबांना सांगा, परत कधी शंका आली की क्लिक करायच्या आधी फोन करा, रात्री अकरा वाजले असले तरी.

नदीकाठ
तेच सांगितलंय. मॉनिटरला माझा नंबर चिकटवलाय, त्यांनी स्वतःच लिहून.