साखर खाऊन कळते की आधीच?

जिवाणूला साखर पचल्यावरच तिची दिशा कळते, असे काहींचे मत असते; ते मला पटत नाही. गॅलॅक्टोज ही साखर पचवू न शकणारे ई. कोलाय जिवाणूही तिच्याकडे पोहत जातात, हे जीवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस ॲडलर यांनी १९६९ मध्येच दाखवले. ही साखर आधी पेशीच्या दोन पटलांमधील बंधक (साखर पकडणाऱ्या) प्रथिनाला चिकटते आणि मग ते प्रथिन आतल्या पटलातील ‘टीआरजी’ या ग्राही (संकेत टिपणाऱ्या) प्रथिनाला जुळते. आमच्या चिकोडीकडे गुऱ्हाळाची वाट काकवीच्या वासावरून सापडते. पण जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीचा हा जीव साखरेचे आताचे प्रमाण काही सेकंदांपूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहतो आणि ते वाढत असेल तर दिशा बदलणारी कोलांटी पुढे ढकलून सरळ पोहत राहतो. ही अल्पकालीन स्मृती ग्राहींना जोडल्या वा काढल्या जाणाऱ्या मिथाइल या छोट्या रासायनिक गटांत असते.