एका खोलीतला स्वयंपाक: छोटी टाकी की विजेची शेगडी?

मिरजकर: लेक पुण्याला शिकायला चाललीय. दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी. दुकानदार म्हणतो, ५ किलोची टाकी आणि तिच्यावरच बसणारा बर्नर घ्या. माझं मत पक्कं आहे, विजेची हॉट प्लेटच. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि या पोरी झोपतात खाली गादी टाकून.

भाकरीवाली: दादा, काळजी कळते. पण हॉट प्लेटवर ज्वारीची भाकरी करून बघितलीत का? मी २ वर्षं केली. पाणी लावलेली बाजू तव्यावर सुकते, उलटून भाजतेही, पण मग भाकरी धरायला जाळ कुठाय? फडक्यानं दाबत बसायचं, तरी पापुद्रा अर्धाच सुटतो. वांगं भाजणं विसराच. दूध वर आलं की बटण बंद करूनही कॉइल तापलेलीच, दूध उतू जातंच. आणि वीज गेली की पोर उपाशी.

वायरमन: २००० वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. भाड्याच्या खोलीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला ती लावू नका. वितळलेले प्लग मी सारखे बदलतो. जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग आधी बघा. नसेल तर १००० वॉटची घ्या. वेळ लागेल, पण वरण-भात होतो.

भाकरीवाली: म्हणजे धोका विजेतही आहेच. गॅसला निदान वास तरी येतो.

मिरजकर: झोपेत वासाचा काय भरवसा, ताई? खर्चाचंही बघा. ५ किलो गॅसमध्ये विजेच्या मापानं सुमारे ६४ युनिट उष्णता, त्यातली ६०-६५ टक्के भांड्याला लागते. हॉट प्लेटवर तेवढंच काम ५५-६० युनिटांत होतं. वीजबिलाच्या दरानं गुणून टाकीच्या किमतीशी ताडून बघा. शिवाय नाक्यावर मोठ्या टाकीतून छोटीत गॅस भरून देतात, ते बेकायदा आणि जिवावरचं. पोरी घाईत तिथंच जाणार.

भाकरीवाली: ते अजिबात नको, टाकी एजन्सीचीच. डोक्यावर बर्नरवालीही नको. रेग्युलेटर, नळी, ओट्यावर वेगळी शेगडी, खिडकी उघडी, झोपताना रेग्युलेटर बंद. माझ्या मुलाला मी हेच दिलंय.

मिरजकर: घरमालकाला १६ अँपिअरच्या सॉकेटचं विचारलंय. नाही म्हणाला तर दुसरी खोली शोधेन, टाकी घेणार नाही. भाकरी दर रविवारी घरून पाठवू.