फोन नको, मेसेज नको. समोर या, बोलू!

"फोनवर बोलायला आवडत नाही" असं म्हटलं की लगेच सल्ला येतो, "मग व्हॉट्सॲप करत जा." तेही नकोसं वाटतं म्हटलं की आपण माणूसघाणे ठरतो. माझं तर बरोबर उलटं आहे. नाशिकच्या मेन रोडला काही आणायला गेले की हिचा दोन तास पत्ता नसतो, अशी घरची तक्रार असते. कारण रविवार कारंजापासून शालिमारपर्यंत कुणी ना कुणी भेटतंच आणि मी पिशवी खाली ठेवून बोलत उभी राहते. त्याच माणसाचा रात्री फोन आला तर मात्र "बरं, ठेवू मग?" हे पहिल्यापासून तोंडाशी येऊन थांबलेलं असतं.

मला तरी याचं एकच कारण दिसतं. समोरासमोर गप्प बसता येतं. सोमेश्वरला दोघी मैत्रिणी कणीस खात अवाक्षर न बोलता बसल्या तरी ती भेटच असते. फोनवर दोन क्षण शांतता झाली की "हॅलो? येतोय का आवाज?" सुरू होतं. मेसेजवर गप्प राहावं तर 2014 पासून त्या निळ्या खुणा आहेतच चुगली करायला. उत्तर दिलं नाही तर तेही उत्तरच धरलं जातं, आणि नेहमी वाईटच अर्थाने.

तर तुमचे अनुभव लिहा. ज्यांना फोनच बरा वाटतो त्यांनीही लिहावं, भांडायला मजा येईल. एकच विनंती, "पूर्वी सगळं छान होतं" एवढंच लिहून पळू नका. काय झालं ते सांगा.

देवळाली कॅम्प, टेलिफोन खात्यातून निवृत्त

पूर्वी सगळं छान नव्हतंच, मी साक्षीदार आहे. फोनसाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादीत थांबायचं. लोक व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत. शेजारच्या काकू खिडकीतून हाक मारणार, तुम्ही ओल्या हातांनी धावणार आणि त्यांच्या दिवाणखान्यात सगळ्यांच्या देखत आपलं खासगी बोलणार. 1995 मध्ये मोबाईल आला तर येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे. ते 2003 मध्ये बंद झाले आणि मग लोक खरे सैल सुटले.

आता तुमच्या शांततेबद्दल. साधा टेलिफोन माणसाचा पूर्ण आवाज नेतच नाही. 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा त्याला दिलेला, कारण तेवढ्यात बोलणं कळतं आणि एकाच वाटेने जास्त कॉल नेता येतात. पण 'स'चा बराचसा आवाज त्या पट्ट्याच्या वर असतो. म्हणून इकडून 'साठ' म्हटलं की तिकडे 'आठ' ऐकू येतं आणि हिशेबाची भांडणं लागतात. हल्लीच्या फोरजी कॉलवर 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, पण दोन्ही टोकांना ती सोय असली तरच.

दुसरी भानगड उशिराची. समोरासमोर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दहा भाषांवर केलेला तसा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मोबाईलवर नुसता आवाज पोचायलाच तेवढा वेळ सहज जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो की एका दिशेने 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवा, पण इंटरनेट कॉलवर ते कोण पाळतंय! म्हणजे तुम्ही लगेच "हो" म्हणालात तरी पलीकडच्याला वाटतं की तुम्ही आधी कचरलात. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. "बोला बोला." "नाही नाही, तुम्ही बोला." यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही, ताई.

दिंडोरी तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी झाली की फोनचा ताप सुरू. पाऊस पडला, पानावर पिवळट तेलकट डाग दिसला, की काढ फोटो आणि टाक गटावर. गटात सगळेच डॉक्टर. एक म्हणतो डावणी, दुसरा म्हणतो भुरी, तिसरा थेट औषधाच्या बाटलीचा फोटो टाकतो.

सल्लागार बागेत आला की पहिल्यांदा काय करतो? पान उलटं करतो. डावणी असली तर पांढरी बुरशी खालच्या बाजूला, वरच्या डागाच्या बरोबर पाठीमागे. भुरी पानावर वरूनही राख भुरभुरल्यासारखी दिसते, पुसली की बोटाला लागते. आणि फोटो काढणारा गडी कायम वरूनच फोटो काढतो. मग सल्लागार बोलत बोलत दोन ओळी पुढे जातो, बुटाने माती उकरतो आणि विचारतो, "पाणी किती वेळ चालू होतं?" फोनवर विचारलं असतं तर ठरलेलं उत्तर देऊन मोकळा झालो असतो. तिथे चिखल दोघांच्याही पायाला लागलेला. खोटं बोलायची सोयच नाही.

सौद्याचंही तेच. फोनवर ठरलेला भाव गाडी दारात आली की बदलतो. मणी बारीक आहेत, गोडी उतरली नाही, पुढे माल तुंबलाय, कारणांना तोटा नाही. म्हणून मी व्यापाऱ्याला बागेतच बोलावतो. घड त्यानेच निवडायचा, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजायच्या यंत्रावर, रस त्यानेच टाकायचा. आकडा 18 च्या वर दिसला की मी घरात चहा सांगतो. चहा येईपर्यंत तो गप्प, मी पण गप्प. ज्याला आधी तोंड उघडावंसं वाटलं तो किलोमागे रुपया हरला. ताई, तुम्ही गप्प बसण्याचं म्हणता ना, आमचा तर धंदाच त्यावर आहे.

कॉलेज रोड, शेवटचं वर्ष

मी दुसऱ्या टोकाची. फोन वाजला की तो वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेसेज करते, "बोल ना, काय झालं?" आई म्हणते, एवढं टाइप करण्यापेक्षा उचलला असतास. पण मेसेज मी माझ्या सवडीने वाचते. फोन म्हणजे दार न वाजवता थेट स्वयंपाकघरात शिरणारा पाहुणा.

भांडण झालं मात्र की मेसेज बंद. स्क्रीनशॉट निघतात, तिसरीला जातात, आणि मूळ भांडण राहतं बाजूला. आमचा नियम आहे, ज्या दोघींचं वाजलं त्यांनी एकत्र मिसळ खायला जायचं. तर्रीने नाक वाहायला लागल्यावर रागाने बघता येत नाही.

धागाकर्ती

पाहुण्याचं अगदी पटलं! आणि व्हॉइस नोट पाठवणाऱ्यांचं काय करायचं? माझी नणंद भाजीच्या दरापासून सुरू करते आणि मुद्दा शेवटच्या दहा सेकंदांत सांगते. 2021 मध्ये दुप्पट वेगाने ऐकायची सोय आली ती मी इतकी वापरली, की परवा ती घरी आली तेव्हा मला वाटलं हिला बरं नाही की काय, एवढं हळू का बोलतेय!

सिडको, खासगी नोकरी

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. सगळ्यात अवघड शब्द म्हणजे स्वतःचं नाव, कारण त्याला दुसरा शब्द नाही. बाकीच्या ठिकाणी मी वळसा घालून जातो. 'पाणी' अडलं तर "प्यायला काहीतरी द्या" म्हणतो. फोनवर पहिलाच प्रश्न असतो, "कोण बोलतंय?" माझा आवाज घशात अडकलेला, तिकडे ऐकू येते फक्त शांतता. दोनदा हॅलो होतं आणि फोन ठेवला जातो. एका नोकरीची मुलाखत फोनवर होती. पलीकडच्या बाईंनी पुन्हा पुन्हा कट केला आणि शेवटी म्हणाल्या, "नेटवर्कमध्ये जाऊन करा." मी त्रिमूर्ती चौकात उभा होतो, नेटवर्क भरपूर होतं.

समोर असलो की माणसाला माझे ओठ दिसतात, काहीतरी येतंय हे कळतं. बहुतेक लोक थांबतात. म्हणून धागाकर्तीचं म्हणणं मला दुसऱ्या बाजूने पटतं. शांतता तीच, पण समोर तिला चेहरा असतो.

मेसेजला मात्र मी नावं ठेवणार नाही. बँक, गॅस, डॉक्टरांची वेळ, ही सगळी कामं मेसेजमुळे मी एकटा करू शकतो; आधी बहिणीला सांगावं लागायचं. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ऑफिसात शेजारच्या खुर्चीतला मला चॅटवर विचारतो, "चहा घेणार का?" त्याला वाटतं माझी सोय केली. अरे, मला बोलायचं असतं! वेळ लागतो, एवढंच. आणि माझं वाक्य कृपया कुणी पूर्ण करू नका. निम्म्या वेळा चुकीचं पूर्ण करता.

देवळाली कॅम्प

वा! नेटवर्कचा दोष नसताना लोक नेटवर्कला शिव्या देतात, याचं याहून चांगलं उदाहरण नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला मिळालं नव्हतं.

जुने नाशिक, तिवंधा

मागच्या वर्षी वडील गेले. भावाने नातेवाइकांच्या गटावर बातमी टाकली आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा पाऊस सुरू झाला. त्या हात जोडलेल्यांच्या रांगेत कुणीतरी सवयीने सकाळचा सुविचार टाकला, गुलाबाच्या फुलासकट. त्याखाली पुन्हा हात जोडलेले. हसू आलं, खोटं कशाला सांगू.

फोन त्याहून अवघड. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "अहो, असं अचानक कसं काय?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. रात्रीचं जेवण, छातीत दुखणं, रिक्षा, दवाखाना. संध्याकाळपर्यंत ते मला पाठ झालं. आवाजसुद्धा दर वेळी 'रिक्षा'पाशीच भरून यायला लागला, आणि माझी मलाच शिसारी आली. मग फोन भावाच्या हातात दिला.

जे घरी आले त्यांनी काही विचारलं नाही. आमच्या जुन्या वाड्यातले एक आजोबा आले, भिंतीला टेकून बसले. समोर वडिलांच्या चष्म्याचं घर पडलं होतं ते त्यांनी उचललं, उघडलं, आत बघितलं, टप्पकन मिटलं. "काडी सैल झाली होती ना? मला म्हणाला होता, सराफ बाजारातून येताना करून घेतो." बस, एवढंच. बऱ्याच वेळाने उठताना भावाला म्हणाले, "मृत्यूचा दाखला काढायला टाकला का? महापालिकेत नंतर हेलपाटे पडतात." त्या दिवसात मला उपयोगी पडलेलं एवढंच बोलणं, आणि ते फोनवरही सांगता आलं असतं, हे खरं. पण चष्म्याचं घर फोनवर उचलता आलं नसतं.

पुण्यामुंबईहून फोन करणाऱ्यांवर राग नाही. ते दहाव्याला रामकुंडावर आले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोलता आलं.

पंचवटी, गृहिणी

थोडं हलकं लिहिते. दिराच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली, खाली 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'. सासऱ्यांचे मामा नांदूर नाक्याला राहतात, स्कूटरवर पंधरा मिनिटांची वाट. त्यांनी पत्रिकेवर अंगठा उमटवला. आम्ही धरून चाललो की येणार. ते आले नाहीत. आठवड्याने पेढे घेऊन गेलो, तर मामा म्हणाले, "तो अंगठा वाचल्याचा होता, येण्याचा नव्हता. अक्षता कुठे दिल्या तुम्ही?" मामी आतून म्हणाल्या, "आणि मला तर पत्रिकाच नाही, माझा फोन साधा आहे." आता नणंदेच्या वेळी कुंकू लावलेली पत्रिका आणि अक्षता घेऊन घरोघर हिंडणार आहोत. भर मे महिन्यात. मामांना म्हणावं, घ्या!

इंदिरानगर, निवृत्त शिक्षिका

मला हा धागा परवडणारा नाही. मुलगा जर्मनीत आहे. तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. त्याच्या जेवणाच्या वेळी मी जांभया देत असते. व्हिडिओ कॉल नसता तर नातीचे पडलेले दात मी फोटोतच पाहिले असते.

तरी एक गोष्ट टोचते. नात माझ्याकडे बघते असं वाटतं, पण बघत कधीच नाही. ती पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्याकडे बघते आणि कॅमेरा असतो वर, म्हणून मला तिची नजर कायम खाली झुकलेली दिसते. मी कॅमेऱ्याकडे बघितलं तर तिला मी दिसते सरळ, पण मला ती दिसत नाही. एक वेळी एकीचीच सोय. दिवाळीत आली तेव्हा पहिल्या दिवशी माझ्याशी बोललीच नाही. नुसती टक लावून बघत राहिली, आणि मग माझ्या हनुवटीवरच्या तिळाला बोट लावलं. तो म्हणे फोनमध्ये दिसत नाही.

पवननगर, घरपोच जेवण पोचवतो

माझं पोट फोनवर आहे, तरी मला फोन आवडत नाही. सिडकोत पत्ता म्हणजे 'चौकातून आत, मंदिराच्या मागे'. मंदिरं किती! फोन केला की लोक वस्सकन अंगावर येतात, "लोकेशन टाकलंय ना, दिसत नाही का?" तोच माणूस दार उघडतो तेव्हा वेगळाच असतो. उन्हाळ्यात पाणी विचारतो. एकदा धो धो पावसात एका काकांनी मला आत उभं राहायला लावलं, टॉवेल दिला. आताच फोनवर त्यांनी माझी अक्कल काढली होती. तो विषय ना त्यांनी काढला, ना मी.

हल्ली शक्यतो फोन करतच नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करतो आणि ओट्यावर बसलेल्या आजीबाईला विचारतो. तिला नंबर माहीत नसतो, पण आज कुणाच्या घरी स्वयंपाक झाला नाही ते बरोबर माहीत असतं.