लाल व्रण आणि लेझर: वर्षभर थांबू नका
टाके काढून दोन महिने झाले, व्रण अजून लाल आहे, लेझरसाठी वर्षभर थांबायचं का, असा एक प्रश्न आलाय. थांबायची गरज नाही, ती जुनी समजूत. लालीवर ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेझर. तो व्रणातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर काम करतो. जाड, खडबडीत व्रणाला फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे कातडीत बारीक छिद्रं पाडणारा कार्बन डायऑक्साइड लेझर. दोन बैठकांत ४ ते ८ आठवडे जाऊ द्यायचे.

आपल्या सावळ्या कातडीत खरी गोची डागांची. सीओटूच्या छिद्रांची घनता जास्त ठेवली की व्रण सपाट होतो, पण त्यावर जाळीसारखे काळपट ठिपके उमटतात. म्हणून घनता कमी, बैठका जास्त. लेझरनंतर धरलेल्या खपल्या नखाने काढू नका. त्या पडेपर्यंत व्हॅसलीन, मग सनस्क्रीन. व्रण जखमेच्या हद्दीबाहेर पसरत असेल तर तो कीलॉइड. तिथे नुसता लेझर पुरत नाही, सोबत ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं लागतात.